एका चादरीला एक वाक्य

सोमवार, ४ फेब्रुवारी

वकील म्हणाले, आठवेल ते रोज लिहून ठेवा, सुनावणीत उपयोगी पडेल. मी म्हटलं, आठवण्याचं काय घेऊन बसलात, विसरायचं कसं ते सांगा, वेगळी फी देते. ते हसले नाहीत, खोकले. त्यांना हसू आलं की ते खोकतात, हे मला दुसऱ्या भेटीत कळलं.

तर लिहिते. वय अडुसष्ट. जिन्याखाली माझं दुकान आहे, कपडे दुरुस्तीचं. चेन बदलणं, पँटची उंची कमी करणं, लोकांची पोटं सुटली की शिवणी उसवून देणं. वर घर. घरात मुलगा, सून आणि मी. हे जाऊन बरीच वर्षं झाली. यांना शेवटपर्यंत कळलं नाही आणि मुला-सुनेलाही माहीत नाही, की सतरा वर्षांची असताना मला त्या संस्थेत ठेवलं होतं. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींची संस्था. माझ्या वडिलांनीच नेऊन सोडलं आणि फाटकातून परत जाताना मागे वळून पाहिलं नाही. तिथे मला मुलगी झाली. पाच महिने माझी होती. मग मला न विचारता कुणाला तरी देऊन टाकली.

आता सरकारने त्या बायकांसाठी भरपाईची योजना काढली आहे. पैशाचं राहू दे. त्यात एक कलम आहे, जिचा अर्ज मंजूर होईल तिच्या मुलाचा शोध घेतला जाईल आणि आई जिवंत आहे असं त्याला कळवलं जाईल. अर्ज नामंजूर, तर शोध नाही. संस्था म्हणते, त्या वर्षांची दप्तरं पाण्यात भिजून गेली. म्हणजे मी तिथे होते हे मीच सांगायचं आणि तिऱ्हाइताने मानायचं.

ती भेटलीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. तिचं तिचं घरदार असेल, नातवंडंसुद्धा असतील. पण मी तिला दिली नव्हती, एवढं तिच्या कानावर जायला हवं. ते मी असेपर्यंत व्हायला हवं, नंतर सांगणार कोण?

शनिवार, ९ फेब्रुवारी

आज सूनबाईशी बिनसलं. वाळलेल्या चादरी गच्चीवरून आणल्या आणि नेहमीसारखी एकटीच घडी घालत होते, एक टोक खुर्चीच्या पाठीला अडकवून. तिने येऊन दुसरं टोक धरलं. मी हिसकावून घेतलं. ती म्हणाली, आई, दोघींनी पटकन होईल. मी म्हटलं, मला काही गाडी गाठायची नाहीये. गेली बिचारी आत. नंतर वाटलं, जरा जास्तच झालं. पण माझ्या चादरीचं दुसरं टोक मी कुणाला देत नाही. यांनाही कधी दिलं नाही आणि त्यांनी कधी का म्हणून विचारलं नाही.

तिचं लक्ष असतं माझ्यावर हल्ली. वकिलांकडे जाताना मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते असं सांगते. मागच्या खेपेला दारात आली, पिशवीत पाण्याची बाटली ठेवली आणि म्हणाली, डोळ्यांचं जरा जास्तच चाललंय, मी येऊ का सोबत? मी म्हटलं, तुझं औषधांचं दुकान कोण बघेल. ती तिथे काउंटरवर असते. मला वाटतं, हिला माझं जिन्याखालचं दुकान रिकामं हवंय. सावध राहिलेलं बरं.

बुधवार, २० फेब्रुवारी

सगळं मातीत घातलं. मीच घातलं.

लांबलचक खोली, लांबलचक टेबल, पाण्याचे झाकलेले ग्लास. आम्ही एका बाजूला बसलो. मग मागचं दार उघडलं आणि अधिकारी बाई आल्या, मागे फायली घेतलेले दोघे. बाई वाईट नव्हत्या. चष्मा काढून ठेवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि मऊ आवाजात विचारलं, "तिथे तुम्हाला कसं वागवायचे?"

आणि मी उठून उभी राहिले. कुणी उठायला सांगितलं नव्हतं. हात पाठीमागे गेले, मान खाली गेली आणि तोंडातून बाहेर पडलं, "सगळं ठीक… आहे, काही तक्रार नाही."

मग खाली बसले.

फायलीवाल्याने ते लिहून घेतलं. वकील माझ्याकडे बघतच राहिले. पुढे मुलीबद्दल विचारलं तर माझ्या तोंडून एका वेळी एकच वाक्य निघे, की मी गप्प. ते पुढच्याची वाट बघत आणि मी पुढच्या प्रश्नाची. मुलगी झाली होती का? झाली होती. मग? मग नेली. कोणी? माहीत नाही. एखादी चोरी लपवणारी बाई बोलेल तशी मी बोलले.

ते वाक्य कुठून आलं ते मला पक्कं माहीत आहे. संस्थेत अधूनमधून तपासणीला पाहुणे यायचे. मागच्या दारानेच यायचे, सोबत संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाई असायच्या. पाहुणे विचारायचे, मुलींनो, कसं काय? आम्ही ओळीत उभ्या राहून हात मागे घेऊन एका सुरात हे म्हणायचो. आदल्या दिवशी मोठ्या बाई आमच्याकडून घोकून घ्यायच्या. 'ठीक' वर जरा थांबायचं, मग 'काही तक्रार नाही' एका दमात. जी चुकली तिला त्या दिवशी बाळाजवळ जाऊ द्यायचे नाहीत. म्हणून कुणी चुकत नसे.

एवढी वर्षं झाली. जीभ माझी, आणि हुकूम अजून त्यांचा. वकिलांनी बाहेर आल्यावर पाणी पाजलं आणि म्हणाले, होतं असं. मी म्हटलं, तुमचं होतं का?

शुक्रवार, १ मार्च

नामंजूर.

कारण दोन ओळींचं. अर्जदाराने स्वतःच तक्रार नसल्याचं सांगितलं. ते वाक्य पाठ करून घेतलेलं होतं, हे स्पष्टीकरण नंतर दिलेलं, त्याला आधार नाही. अपील एकदाच करता येईल, त्या काळी तिथे असलेली दुसरी बाई साक्षीला आणली तर. मुदत एप्रिलच्या मध्यापर्यंत.

दुकानात एक गृहस्थ कोट घेऊन आले होते, अस्तर बदलायला. मी त्यांच्या कोटावर रडले. ते बिचारे म्हणाले, राहू द्या, घाई नाही.

गुरुवार, ७ मार्च

वकिलांनी विचारलं, तिथली कुणी आठवते का? आठवते ना. ठेंगणी.

खरं नाव सांगायची तिथे बंदी होती, म्हणून सगळ्यांना अशीच नावं. ती ठेंगणी, मी लांबडी. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी यायच्या धुवायला, आणि घडी घालायला आमची जोडी लावली होती. कोणत्या शहाण्याने लावली कुणास ठाऊक, चादर नेहमी तिच्याकडे उतरती. तिच्या डाव्या अंगठ्याला नख नव्हतं, पिळायच्या यंत्राच्या रुळात सापडला होता. त्याची भरपाई म्हणून तिला एक दिवस काम माफ झालं.

काम करताना बोलायचं नाही असा नियम. पण चादरीची घडी घालायची म्हणजे दोघींनी चार टोकं धरून ताणायची, झटकायची, अर्धी करायची आणि मग एकमेकींकडे चालत यायचं. टोकाला टोक लागलं की दोघींची तोंडं क्षणभर चादरीआड. तेवढ्यात एक वाक्य मावायचं. एका चादरीला एक वाक्य, दुसरं बोललं तर पकडल्या जाणार. ठेंगणीने मला एकदा एक विनोद सांगायला घेतला, तीन दिवस पुरला, आणि शेवट काय ते ती स्वतःच विसरली. मी त्या विनोदावर अजून हसते, शेवट माहीत नसताना.

त्या दिवशी तिला आधी बाळांच्या खोलीत लंगोट पोचवायला पाठवलं होतं. उशिरा आली. चादर धरली. टोकं जुळली तेव्हा म्हणाली, तुझी नेली. मला पुढचं विचारता येईना, चादर ठेवायची, दुसरी उचलायची, ताणायची, झटकायची. टोकं जुळली. निळ्या गाडीतून. परत ठेवायची, उचलायची. टोकं जुळली. तुझी रडली नाही. मग अख्खा ढीग बाकी होता. मी तो पूर्ण केला. ढीग टाकून धावले असते तर फाटकापर्यंत तरी पोचले असते का, हे मी शिवणयंत्रावर बसले की रोज मोजते.

ठेंगणी जिवंत आहे की नाही तेही माहीत नाही. खरं नाव माहीत नाही, तर शोधणार कसं? नख नसलेली बाई पाहिजे अशी जाहिरात देऊ?

बुधवार, १३ मार्च

नवल झालं. योजनेच्या मदत केंद्रात कुणा बाईचा फोन आला म्हणे. शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात एक अगदी बुटकी आजी आहे, डाव्या अंगठ्याला नख नाही, तरुणपणी संस्थेत होती असं तिच्या कागदावर आहे. फोन करणारीने नाव सांगितलं नाही. वकील म्हणाले, देव आहे कुठे तरी. मी म्हटलं, असेल तर फार उशिरा कामावर येतो.

या वहीला मी नाडी बांधून ठेवते, साधी गाठ. आज ती फुलाची निघाली. माझेच हात आता कधी काय करतील याचा भरवसा राहिला नाही.

शुक्रवार, १५ मार्च

ठेंगणीच. पण ठेंगणी नाहीच.

खिडकीशी खुर्चीत बसवली होती. आणखी ठेंगणी झालीय. मी समोर बसले, हात हातात घेतला, तो अंगठा पाहिला आणि मला हुंदका आवरेना. म्हटलं, अगं, मी लांबडी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, जेवणाची घंटा झाली का? मी परत सांगितलं. तिने परत घंटेचं विचारलं. तिथली परिचारिका म्हणाली, सख्ख्या भावालाही ओळखत नाहीत, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि ही माझी साक्षीदार.

परत येताना बस चुकली. थांब्यावर बसले तर सूनबाईच्या औषधांच्या दुकानाची डिलिव्हरीची गाडी आली आणि आत तीच. म्हणाली, इथल्या आश्रमात माल द्यायला आले होते, चला. डोळ्यांचा डॉक्टर इतक्या लांब कसा, हे तिने विचारलं नाही.  गाडीत बसल्यावर तिने फक्त माझ्या बाजूची काच वर केली, गार वारा होता म्हणून.

गुरुवार, २८ मार्च

आज चादर नेली. कुणाला सांगू नये अशी वेडगळ कल्पना, वकिलांनाही सांगितली नव्हती. ठेंगणीला उभी केली आणि दोन टोकं तिच्या हातात दिली. तोंडावर काही नाही, पण हातांनी ओळखलं. ताणली. झटकली, अशी की परिचारिका दचकली. अर्धी केली आणि माझ्याकडे चालत आली, उतरत्या बाजूने. टोकं जुळली. चादरीआड तिचं ते सुरकुतलेलं तोंड माझ्या तोंडाशी आलं आणि ती कुजबुजली, "माझा गेला गं, काल."

मला माहीत होतं. तिचा मुलगा तिथे तापाने गेला होता. तेव्हा तिने मला हे सांगितलं होतं आणि मला एका चादरीत काय बोलावं ते सुचलं नव्हतं. आजही सुचलं नाही. मी नुसती तिच्या कपाळाला कपाळ लावून उभी राहिले. मग ती म्हणाली, दुसरी घे, बाई बघतायत.

आम्ही तीच चादर परत परत उलगडून घडी घातली. तिने माझ्या मुलीचं काहीच सांगितलं नाही. वकिलांना सांगितलं तर म्हणाले, चादरीला साक्ष मानत नाहीत हो. पण तिला घेऊन तर जाऊ. दुसरं आहे कोण?

तिच्या मुलाच्या भरपाईचा अर्ज कोण करणार, हे मी विचारलंच नाही. मला फक्त माझी साक्ष हवी होती. लाज वाटली, आणि तरीही तिला नेणार आहे.

मंगळवार, ९ एप्रिल

संपलं.

तीच खोली. ठेंगणीला सकाळपासून बरं होतं, केस विंचरून दिले होते. वाटेत मी तिला सांगत होते, एवढंच म्हण, ही लांबडी, आम्ही बरोबर होतो. ती मान हलवत होती. मला वाटलं, जमेल.

मागचं दार उघडलं. अधिकारी बाई आल्या, मागे फायलीवाले. त्या ठेंगणीजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "काय आजी, कशा आहात?"

ठेंगणी उठली. खुर्चीला धरून, थरथरत, पण उठली. हात पाठीमागे घेतले, मान खाली घातली. "सगळं ठीक… आहे, काही तक्रार नाही."

 मी बुडाले होतेच, आता साक्षीदारानेही वरून धोंडा ठेवला. हसावं की रडावं कळेना. तिला खाली बसवायला गेले तर बसेना, बाईंनी परवानगी दिल्याशिवाय बसायचं नसतं ना. शेवटी मीच पुटपुटले, बाई, तिला बसा म्हणा. त्या म्हणाल्या, तेव्हा कुठे बसली.

 फायलीवाल्याचं पेन थांबलं होतं. अधिकारी बाईंनी चष्मा काढला आणि मला भलतंच विचारत बसल्या. हे तुम्ही यांना शिकवलंत का? मला राग आला. म्हटलं, मी कशाला शिकवू, हे तिथे सगळ्यांनाच यायचं. सगळ्यांना म्हणजे? ओळीत उभ्या असतील तेवढ्यांना. कधी म्हणायचात? पाहुणे आले की. मागच्या दाराने? हो, मागच्याच. मग त्यांनी मागच्या सुनावणीचं पान काढायला लावलं आणि कितीतरी वेळ वाचत बसल्या. मुलीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. शेवटी म्हणाल्या, आजींना घरी न्या, दमल्या असतील. एवढंच.

म्हणजे दार बंद. ठेंगणीला आश्रमात सोडताना मी तिच्याशी बोलले नाही. एवढी मी दुष्ट. तिने मात्र माझ्या पदराचं टोक धरलं आणि दोन बोटांत नीट जुळवून माझ्या हातात दिलं.

बुधवार, १७ एप्रिल

दुकान उघडलं नाही. सूनबाईने खाली पाटी लावली, 'मालक आजारी'. चहा आणून ठेवते आणि जाते. मुलगा दारातून विचारतो, काय होतंय? काय सांगू, तुला एक बहीण होती आणि मी तिला दोनदा घालवली?

पुढे काय करायचं ते कळत नाही. तिला कुणी तरी सांगितलं असेल की तुझ्या आईने तुला टाकलं. ती तेच धरून जगली असेल, आणि तेच धरून मरेल.

सोमवार, २९ एप्रिल

वकिलांचा फोन. आधी नुसतेच खोकत होते. मी म्हटलं, हसताय का रडताय ते एकदा ठरवा.

मंजूर.

अधिकारी बाईंनी लिहिलंय म्हणे, की वर्षानुवर्षं न भेटलेल्या दोन बायका, त्यातल्या एकीला स्वतःचं नावही आठवत नाही, त्याच प्रश्नाला त्याच पद्धतीने उभ्या राहतात, त्याच ठिकाणी थांबतात, तेच वाक्य म्हणतात. याहून मोठा पुरावा या कार्यालयाला नको. मी म्हटलं, म्हणजे ती त्या दिवशी… वकील म्हणाले, हो, तिने तुम्हाला वाचवलं. आणि मी तिच्याशी बोलले नव्हते.

पुढचं ऐकताना मी जिन्यातच बसले. बाईंनी जुन्या सगळ्या फायली काढायला लावल्या. आणखीही बायका पहिल्या सुनावणीला अशाच उभ्या राहिल्या होत्या. असंच म्हणाल्या होत्या आणि नामंजूर होऊन घरी गेल्या होत्या. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. त्या सगळ्यांचे अर्ज पुन्हा उघडणार. ठेंगणीचाही आता वकील स्वतः करणार आहेत, तिच्या मुलाचा.

माझ्या मुलीचा शोध सुरू होईल. किती दिवस लागतील सांगता येत नाही, ती सापडेलच असं नाही, सापडली तरी बोलेलच असं नाही. वकिलांनी हे दोनदा सांगितलं. मी म्हटलं, ऐकू येतं मला.

दुपारी ऊन होतं. गच्चीवर गेले तर दोरीवर चादरी कडक वाळलेल्या. हातात मावतील तेवढ्या काढून घेतल्या. वर खुर्ची नव्हती. सूनबाई टाकीशी उभी होती, मला पाहूनही पुढे आली नाही. मागच्या वेळचं लक्षात असणार. मी चादरीची दोन टोकं तिच्यापुढे धरली.

तिने धरली. ताणली, झटकली, अर्धी केली. तिला काही शिकवावं लागलं नाही. चालत आली. टोकं जुळली आणि तिचं तोंड माझ्या तोंडाशी आलं.

मी म्हटलं, "मला एक मुलगी आहे."

ती मागे सरली नाही, दचकलीही नाही. आम्ही ती चादर ठेवली, दुसरी घेतली. ताणली, झटकली. टोकं जुळली तेव्हा ती म्हणाली, "माहीत आहे, आई."

म्हणजे वहीच्या नाडीची ती फुलाची गाठ हिची. म्हणजे तो फोन. मला रागवायला हवं होतं, पण तिसरी चादर उचलायची होती. त्या चादरीला तिने विचारलं, ताईंचं नाव काय?

ते नाव मी त्या पाच महिन्यांनंतर कधी तोंडातून काढलं नाही आणि या वहीतही लिहिलेलं नाही. अजूनही लिहीत नाही. चौथ्या चादरीला ते मी सूनबाईच्या कानात सांगितलं. उरलेल्या चादरी आम्ही तशाच दोरीवर ठेवल्या.